उदबत्ती नदीपलीकडे गेली

अंतरा चौगुले गुजरीच्या गल्लीत एका सराफाच्या कारखान्यात काम करते. दागिन्यांचे नमुने ती कॉम्प्युटरवर काढते, मग शेजारचं मशीन तो नमुना मेणासारख्या राळेत छापतं आणि त्यावरून सोन्याचं ओतकाम होतं. साजाची पानं, ठुशीचे मणी, जोंधळी पोतीचे दाणे, सगळं तिच्या बोटांखालून जातं. आमची ओळख मात्र दागिन्यांमुळे झाली नाही. आम्ही तिला रविवारची मास्टर म्हणून ओळखायचो.

शाहूपुरीत सम्राटच्या काकांचं सायकलचं दुकान आहे. त्याच्या वरच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही पाच जण जमायचो. टेबलावर चौकटींचा मोठा कागद पसरायचा, त्यावर डोंगर, जंगल, नदी काढलेली. एकजण त्या जगाची गोष्ट सांगतो, बाकीचे त्यात आपापलं पात्र होऊन हिंडतात, आणि काय जमलं, काय फसलं ते फासे ठरवतात. गोष्ट सांगणारा तो मास्टर. आमची मास्टर अंतरा. तलवारवाला श्रेयस, तो एका आर्किटेक्टकडे नोकरीला. दुकानाचा सम्राट. कागलच्या एमआयडीसीत मशीनं दुरुस्त करणारा, उचगावचा आदर्श. आणि मी, अवंतिका, शाळेत भूगोल शिकवते. आमच्या पात्रांच्या बोटाच्या पेराएवढ्या बाहुल्या अंतरानं कारखान्यातल्या त्याच मशीनवर, शेठना सांगून, छापून आणल्या होत्या.

खेळात प्रत्येकाबरोबर एक जनावर असायचं. श्रेयसकडे शिकारी कुत्रा होता. गुहा आली की तो आधी कुत्र्याला आत सोडायचा. आत सापळा असला तर कुत्रा मरायचा आणि आम्ही सुखरूप. असे दोन कुत्रे गेले. तिसरा मेला तेव्हा श्रेयस म्हणाला, "जाऊ दे, पुढच्या गावात नवा घेऊ." आम्ही सगळे हसलो.

अंतरा हसली नाही. तिनं फासे गोळा केले.

"काय झालं?" श्रेयसनं विचारलं.

"कुत्र्याला का जायचं होतं आत?"

"कुत्र्याला काय विचारायचं? पुस्तकात लिहिलंय, मालक सांगेल तसं ते करतं."

"मग ते कुत्रं नव्हे, काठी हाय," अंतरा म्हणाली. "पुस्तकातलं ऱ्हाऊ दे. जनावरांचे नियम मी नवीन करतो."

आमच्याकडच्या बऱ्याच मुलींसारखी तीही 'मी करतो, मी येतो' असंच बोलते. आवाज मोठा, पण त्या दिवशी तो खाली आला होता.

तिच्या घरात कधी मांजरसुद्धा पाळलेलं नाही, म्हणून ती आधी जनावरं बघायला निघाली. आदर्शच्या घरी म्हशी होत्या. तो म्हणाला, "चौगुले, उचगावला ये. आमच्या म्हशी बघ. त्या कुणाचंच ऐकत न्हाईत." ती खरंच गेली. सकाळभर गोठ्यात उलट्या घातलेल्या बादलीवर बसून राहिली. आदर्शची आई तानाबाई चहा घेऊन आली आणि लेकाला म्हणाली, "ही पोरगी म्हशीकडं काय बघती रं एवढं?"

"नियम शोधतीया," आदर्श म्हणाला.

"सापडला तर आमाला बी सांग म्हणावं."

त्या सकाळी एक म्हैस पान्हा सोडायला तयार नव्हती. तिची धार रोज तानाबाईच काढायची. आदर्शचे वडील पिराजी बसले तर ती मान वळवून दाराकडे बघत राहिली आणि हंबरली. तानाबाई चहाची कपबशी ठेवून परत येईपर्यंत तिनं थेंब दिला नाही. अंतराच्या डोक्यात ते बसलं.

तिनं केलेले नियम ऐकताना आम्हाला आधी गंमत वाटली. आपलं जनावर आपण चालवायचं नाही, उजव्या हाताला बसलेल्यानं चालवायचं. आपण फक्त हाक मारायची, खायला द्यायचं, हातानं खुणावायचं. मग ते येईल किंवा येणार नाही. जनावराला आपल्या मनातलं कळत नाही. त्याला वास कळतो, आवाज कळतो, भीती कळते. आणि सगळ्यात वरचढ नियम असा की आपलं माणूस दिसेनासं झालं तर जनावर आधी त्याला शोधतं. त्याची पाळी आली की फासा टाकायचा आणि जिथं माणूस शेवटचं दिसलं त्या बाजूला ते तितकं सरकवायचं. भूक, भीती, दुसऱ्याचं बोलावणं, सगळं नंतर.

श्रेयसनं विचारलं, "आणि सापडलंच नाही तर?"

"सापडतंय की," अंतरा म्हणाली. "टेबल केवढं, जाईल कुठं?"

आदर्शनं जनावर निवडलं ते उदमांजर. धुरकट रंगाचं, लांब शेपटीचं. त्याचं नाव त्यानं उदबत्ती ठेवलं. कुठंतरी वाचून आला होता की उदमांजर जवळ असलं की सुवासिक तांदूळ शिजल्यासारखा वास येतो. मग अंतरा गोष्ट सांगताना म्हणायची, "अंधार आहे. काही दिसत नाही. पण आंबेमोहोराचा वास येतोय." आम्हाला कळायचं, उदबत्ती आली. ती सम्राट चालवायचा, कारण तो आदर्शच्या उजवीकडे. माझं मुंगूस आदर्शकडे होतं. तो त्याला इतकं खोडकर करायचा की मी खरोखर चिडायचे.

त्या नियमांनी खेळ पालटला. कुत्रा माझ्या हातात आल्यापासून श्रेयस गुहेच्या तोंडाशी त्याला गोंजारत बसायला लागला. टेबलाशी बसलेल्या दोन माणसांमध्ये एक जनावर असायचं, आणि त्याच्यामुळे ती माणसं एकमेकांकडे जास्त बघायची. अंतरानं नियम टाइप करून ठेवले. श्रेयसनं ते इकडं तिकडं मित्रांना पाठवले.

तो शेवटचा रविवार साधाच होता. आदर्शला लवकर जायचं होतं.

"घरी पावणं येणार हायत," तो लाजत हसला. "मला बघायला."

सम्राटनं टेबल बडवलं. श्रेयसनं शिट्टी मारली. अंतरा नकाशावर नदीची कड पेन्सिलनं गडद करत होती, ती तशीच करत राहिली. त्या दोघांत काही होतं का, मला ठाऊक नाही. तेव्हा विचारलं नाही आणि आता विचारण्यात अर्थ नाही.

निघताना आदर्शनं आपली बाहुली उचलून नदीच्या पलीकडच्या काठावर ठेवली. "मी पुढं जाऊन वाट बघून ठेवतो. उदबत्ती ऱ्हाऊ दे हितंच, तिला पाण्याचं भ्या हाय. सम्राट, ध्यान दे तिच्याकडं." मग काहीतरी सुचून त्यानं बाहुली खिशात टाकली. "पावण्यांस्नी दाखवतो," म्हणाला आणि जिना उतरला.

त्याच आठवड्यात पहिली पाळी संपवून कागलहून मोटारसायकलनं येताना हायवेवर त्याला ट्रकनं मागून उडवलं. ऊन अजून रस्त्यावर होतं, लोक उसाचा रस पीत उभे होते. सम्राट पोचला तेव्हा काही उरलं नव्हतं. उचगावला आम्ही सगळे गेलो. पिराजी दारात उभे होते आणि येणाऱ्या प्रत्येकाला हात जोडत होते. तानाबाई गोठ्यात जाऊन बसली होती.

बरेच रविवार खोली बंद राहिली. शेवटी श्रेयसच म्हणाला की बसूया, नाहीतर आपण पुन्हा कधीच बसणार नाही. आम्ही जमलो. पाचवी खुर्ची कुणी हलवली नाही. अंतरानं नकाशा उलगडला, बाहुल्या ठेवल्या. उदबत्ती नदीच्या अलीकडच्या काठावर उभी राहिली. आदर्शची बाहुली नव्हती. ती अपघाताच्या दिवशी त्याच्याजवळ होती की घरात राहिली, कुणालाच माहीत नव्हतं.

खेळ जेमतेम सुरू झाला. माझी पाळी आली, श्रेयसची झाली. मग सम्राट थांबला. त्याचं बोट उदबत्तीच्या पाठीवर होतं.

"मास्टर, हिचं काय करू?"

 आदर्शचं पात्र गोष्टीत मेलेलं नव्हतं. ते नदी ओलांडून गेलं होतं, एवढंच.

"नियमात हाय तसं," अंतरा म्हणाली.

सम्राटनं फासा टाकला. उदबत्ती पाण्याच्या कडेला आली. पुढच्या रविवारी पाण्यात उतरली. त्याच्या पुढच्या रविवारी पलीकडे निघाली.

आम्ही बाकीचे अलीकडच्या जंगलात एका किल्ल्याच्या मागे लागलो होतो. नदीपलीकडे आता आमच्यातलं कुणीच जाणार नव्हतं आणि तिथला कागद अजून कोरा होता. पण उदबत्ती तिथं पोचली, म्हणून अंतराला तो भाग काढावा लागला. ती आठवडाभर घरी बसून तो काढायची आणि रविवारी नवा कागद जुन्याला चिकटवायची. आधी एक पायवाट आली. मग एक ओढा, दगडी पार, ओसाड शेत. सम्राट फासा टाकायचा, उदबत्ती सरकायची, आणि तिला काय दिसतं ते अंतरा सांगायची. मास्टरला सांगावंच लागतं.

"चिखलात पावलं उमटलीत. ताजी आहेत."

"पाराजवळ तीन दगडांची चूल आहे. राख कोमट आहे."

ती हे इतक्या साध्या आवाजात सांगायची की आम्ही नकळत कागदावर वाकायचो. माझं मुंगूस किल्ल्याच्या पायरीवर तसंच उभं होतं. ते चालवणारं माणूस नव्हतं आणि मी ते दुसऱ्या कुणाला चालवू दिलं नाही.

तेव्हाच कधीतरी अंतराला वास यायला लागला. दुपारी कारखान्यात मशीन चालू असतं, राळेचा उग्र दर्प असतो, आणि मधेच भात शिजल्यासारखा वास. तिनं शेजारच्यांना विचारलं, "डबा उघडला का कुणी?" कुणी उघडला नव्हता. एक म्हातारे कारागीर म्हणाले, "वर माळ्यावर ऊद असंल, उदमांजर. जुन्या छपरात असतंय." माळ्यावर जाऊन बघितलं तर जळमटं होती, सोनं वितळवायच्या फुटक्या मुशी होत्या. अंतरानं मला हे गुजरीच्या तोंडाशी उभं राहून सांगितलं आणि मग म्हणाली, "मला भीती वाटत न्हाई बघ. वास बंद झाला की वाटती."

श्रेयसचा धीर सुटला. उदबत्तीला झाडाच्या फांदीवर लटकलेला एक शेला दिसला, तो आदर्शच्या पात्राचा होता. श्रेयस उभा राहिला.

"बस झालं. तू त्याला तिथं जिवंत ठेवलायस."

"मी काय केलं? ती शोधतीया."

"ती कोण? राळेची बाहुली आहे ती! पावलं तू काढतेस, राख तू गरम ठेवतेस. आम्ही दर आठवड्याला इथं येऊन त्याच्या मागं चालतो. मला घरी गेल्यावर जेवण जात नाही."

"मग सांग, काय करू? नदीत बुडवू तिला? का हाड सापडलं म्हणून सांगू?"

श्रेयसनं आपले फासे गोळा केले. तो पिशवी उचलून निघून गेला.

त्यानंतर तानाबाई आली. आदर्शच्या कपाटात त्याचे फासे होते, ते द्यायला. आम्ही तिला खुर्ची दिली तर ती नेमकी त्याच खुर्चीत बसली. लेक दर रविवारी कुठं जात होता ते तिला बघायचं होतं. टेबलावरचं सगळं तिनं निरखून बघितलं आणि नदीपलीकडे एकट्याच उभ्या असलेल्या त्या धुरकट बाहुलीवर बोट ठेवलं.

"हे काय?"

"आदर्शचं जनावर, मावशी," सम्राट म्हणाला. "उदमांजर."

"ऊद व्हय?" तिनं बोट काढून घेतलं. "कशाला घेतलंतं रं त्यानं? मसणात हिंडतंय ते."

 मग अंतरानं तिला सगळं सांगितलं. आदर्शचं पात्र पुढे गेलंय, हे मागे राहिलंय, आणि नियमाप्रमाणे ते त्याला शोधतंय. तानाबाई नीट ऐकत होती, गावातल्या कुणाची तरी हकीकत ऐकावी तशी.

"मग सापडला का?"

"अजून न्हाई."

तानाबाईनं मान हलवली. "सापडंल. मसणातला वास बी घेतंय ते. त्याला सापडंल."

त्या संध्याकाळी अंतराचा फोन वाजला. उचगावहून तानाबाई. "आज कुठवर गेलं?" अंतरानं सांगितलं, शेतापलीकडच्या दुसऱ्या ओढ्यापर्यंत. "पाणी हाय का ओढ्याला?" आहे म्हणाली. पुढच्या रविवारी पुन्हा फोन. त्याच्या पुढच्याही. "आज कुठवर गेलं गं?" अंतरा सांगायची आणि तानाबाई बारीकसारीक विचारायची. वाटेत घर आहे का, घरात दिवा आहे का, कुणी त्याला जेवायला घातलं असेल का. आता अंतराला थांबणं शक्यच नव्हतं. फासा लहान पडला आणि उदबत्ती थोडीच सरकली तर ती फोनवर जास्त सांगायची. तिनं नदीपलीकडे एक पूर्ण गाव काढलं. घरांना पुढं ओसरीसारखे सोपे काढले, सोप्यात माणसं बसवली, कारण तानाबाईनं विचारलं होतं की तिकडं माणसं हायत का.

सम्राट आणि मी येत राहिलो. का येत होतो, ते सांगता येणार नाही. आम्ही नाही आलो तर अंतरा एकटी फासे टाकेल, ही धास्ती होती.

मग एका दुपारी पिराजी गुजरीत आले. गर्दीत विचारत विचारत त्यांनी कारखाना शोधला होता. मी त्या दिवशी मैत्रिणीचं मंगळसूत्र दुरुस्तीला घेऊन तिथंच गेले होते, म्हणून हे मी कानांनी ऐकलं. अंतरानं त्यांना स्टूल दिलं. ते बसले नाहीत.

"पोरी, थांबीव ते," ते म्हणाले.

"काय काका?"

"तुला ठावं हाय. ती आठवडाभर रविवारची वाट बघती. रविवारी एक ताट जास्तीचं वाढती. कुणी आलं तर म्हंती, लांब गेलाय, गावाच्या शिवंपतुर पोचलाय. लोक माझ्या तोंडाकडं बघत्यात."

अंतरा पुटपुटली, "त्यांना बरं वाटतं म्हणून..."

"बरं?" पिराजींचा आवाज चढला, मशीनवरची माणसं वळून बघायला लागली. "आमच्यात रेडकू मेलं की त्याचं कातडं सोलून आत पेंढा भरत्यात आनि म्हशीम्होरं ठेवत्यात. ती चाटती आनि दूध देती. तिला बी बरंच वाटतंय. माझ्या बायकूम्होरं तू त्येच ठेवलंयस बघ."

अंतरा भिंतीला टेकली. पिराजींना आपण फार बोललो असं वाटलं असावं. त्यांनी टोपी काढून पुन्हा घातली.

"काका," अंतरानं विचारलं, "म्हैस कवा थांबती?"

"आं?"

"चाटायची. किती दिवसांनी?"

"त्याला काय दिवस असत्यात का? कवा लवकर, कवा लई उशिरा. एक दिवस आपण कातडं म्होरं करावं तर ती वैरणीत तोंड घालून असती. बघत बी न्हाई तिकडं. आपल्याला वाटतंय, इसरली." ते दाराकडे वळले. "इसरत न्हाई. पर खाती."

ते गेल्यावर अंतरानं मशीन बंद केलं आणि मला म्हणाली, "मी नियम अर्धाच लिवलाय, अवंतिका. शोध सुरू कसा होतो ते लिवलं. सरतो कसा, ते लिवलंच न्हाई."

तो उरलेला अर्धा तिला सोपा गेला नाही. उदबत्तीला मारायचं नव्हतं, तिला आदर्श सापडूही द्यायचा नव्हता, आणि हे आपण ठरवायचं नाही एवढं तिला पक्कं कळलं होतं. तिनं श्रेयसला फोन केला. तो आला. दोघांनी सायकलच्या दुकानाबाहेर कट्ट्यावर बसून वाद घातला, तिथंच पाठकोऱ्या बिलांवर आकडे मांडले, खोडले. शेवटी ठरलं ते असं: दोन फासे एकदम टाकायचे, एक शोधाचा, एक भुकेचा. मोठा येईल तसं जनावर वागेल. शोध जिंकला तर ते पुढे जाईल, पण पुढच्या खेपेला भुकेच्या फाशात एक जास्त मिळवायचा. भूक जिंकली की शोध संपला. मग जनावर कुणाचंच नाही, मोकळं.

"पहिल्याच फाशात भूक जिंकली तर?" श्रेयसनं विचारलं.

"तर जिंकली."

"आणि टाकायचे कुणी?"

अंतरानं तानाबाईला फोन करून रविवारी बोलावलं. काय होणार आहे हे तिला आधीच सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. तानाबाई म्हणाली, "येतो."

दोघंही आले. पिराजी दाराच्या चौकटीशी उभे राहिले. तानाबाई लेकाच्या खुर्चीत बसली. अंतरानं तिच्या हातात दोन फासे दिले, पांढरा शोधाचा, लाल भुकेचा. तिनं ते मुठीत धरले, तांदूळ धुताना धरतात तसे, आणि सोडले. पांढरा मोठा आला. शोध.

"अजून जीव हाय म्हणायचा," ती म्हणाली. सम्राटनं उदबत्तीला गावच्या वेशीत नेलं.

पुन्हा टाकले. पुन्हा शोध. उदबत्ती पहिल्या घराच्या भिंतीवर चढली. खाली रस्त्यावर एका सायकलवर कडक ऊन पडलं होतं, कुणीतरी चाकात हवा भरत होतं, त्याची फुसफुस वर ऐकू येत होती. अंतरा नकाशावरच्या त्या घराकडे बघत होती. तिनं त्या घरात काय ठेवलं होतं, कोण ठेवलं होतं, ते तिनं आम्हाला कधी सांगितलं नाही. आणखी एकदा शोध आला असता तर उदबत्ती दार ओलांडून आत गेली असती.

तानाबाईनं फासे उचलले. या वेळी तिनं मूठ बराच वेळ उघडली नाही. पिराजी म्हणाले, "टाक की." तिनं टाकले.

लाल.

 मग अंतरा सांगायला लागली, नेहमीच्याच साध्या आवाजात. "भिंतीला लागून उंबराचं झाड आहे. फळं पिकलीत. उदबत्तीला वास येतो. ती वळते. फांदीवर उतरते. एक फळ खाते. मग दुसरं."

"खाल्लं का तिनं?" तानाबाईनं विचारलं.

"व्हय, मावशी."

"पोटभर?"

"पोटभर."

तानाबाईनं पदरानं तोंड पुसलं. ती रडली नाही. त्या बाहुलीकडे तिनं पुन्हा पाहिलं नाही. "बरं झालं," म्हणाली. "किती दिवसाची उपाशी हुती." मग खुर्ची सरकवून उठली. "चला, धारंला उशीर व्हतोय."

तिचे फोन थांबले. पिराजींनी सम्राटला बाजारात सांगितलं की आता घरात जास्तीचं ताट रविवारी वाढत नाहीत, फक्त अमावस्येला. तानाबाई परत डेअरीत जायला लागली, बायकांत बसायला लागली.

अंतराचं मात्र तसं झालं नाही. उदबत्ती झाडावर राहिली आणि आम्ही खेळ तिथंच संपवला, पण रविवारी संध्याकाळी अंतरा फोन समोर ठेवून बसायची. मी एकदा तिच्या घरी गेले तर नदीपलीकडचं ते गाव तिनं आणखी वाढवलं होतं. गल्ल्या, आड, शाळेची घंटा.

"इथं कोण राहतं?" मी एका घरावर बोट ठेवून विचारलं.

"आत कोण तरी बोलतंय," ती म्हणाली. "मला शब्द कळत न्हाईत."

ती थट्टा करत नव्हती.  चहा झाला, तिच्या आईनं पोहे दिले, आणि मी घरी आले.

श्रेयस नोकरीला पुण्याला गेला. सम्राटनं वरच्या खोलीत टायरांचे गठ्ठे ठेवले. वर्ष गेलं. मग इचलकरंजीहून संयोगिता नावाच्या एका मुलीचा अंतराला मेसेज आला. तिथं काहीजण खेळतात, त्यांच्या हाती अंतराचे नियम पडलेत, दोन्ही अर्धे. त्यांनी तिला खेळायला बोलावलं होतं, मास्टर म्हणून नाही, साधी खेळाडू म्हणून. मी म्हटलं, मीही येते.

त्यांची खोली यंत्रमागाच्या शेडला लागून आहे. भिंतीपलीकडे माग खडखडत असतात आणि सगळ्यांना ओरडून बोलावं लागतं. अंतराला ते आवडलं. "हितं दुसरं काय ऐकूच येत न्हाई," ती माझ्या कानाशी ओरडली. तिनं स्वतःसाठी जनावर घेतलं नाही. नको म्हणाली आणि कुणी आग्रह केला नाही. पण ती ज्या जागी बसली ती संयोगिताच्या उजव्या हाताची होती, आणि संयोगिताकडे एक लंगडं गाढव होतं. ते अंतरालाच चालवायला आलं.

सुरुवातीला ती बाहुलीला हातच लावेना. मग गाढव आडून बसलं, ओझं पाडलं, एका पुजाऱ्याचं उपरणं खाल्लं. सगळे हसत होते. मी अंतराला कितीतरी महिन्यांनी दात दिसेपर्यंत हसताना बघितलं.

तेवढ्यात लाईट गेली. माग एकदम थांबले. दिवसाचा उजेड होता, एकमेकांची तोंडं स्वच्छ दिसत होती, पण त्या शांततेनं सगळेच दचकले. अंतराचा हात गाढवावर होता तसाच राहिला. ती खिडकीकडे वळून बसली होती, मान थोडी कलती, नदीपलीकडून कुणी हाक मारल्यासारखी.

"अंतराताई," संयोगितानं हळू विचारलं, "गाढवाचं काय?"

अंतरानं तिच्याकडे पाहिलं नाही.

"थांबलंय," ती म्हणाली. "कान टवकारलेत त्यानं."